झाडीपट्टीच्या नाटकात गिटार थेट मिक्सरमध्ये जाते. ओव्हरड्राइव्ह कोणता घ्यावा?

झाडीचा_गिटारवाला (सिंदेवाही)

नमस्कार. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी तीन एकर धान आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकात गिटार वाजवतो. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या रात्री गावात नाटक असतंच. वडशाहून कंपनी येते, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. संगीत सगळं समोर बसून वाजवतात. ऑर्गन, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड, आणि दोन सीझनपासून मी.

लावणीला आणि हिरो-हिरोइनच्या गाण्याला साधा आवाज चालतो. पण खलनायकाच्या एंट्रीला, मारामारीला, आणि दुसऱ्या अंकात एक डान्स आहे त्याला, जाड आणि लांब टिकणारा सूर पाहिजे. मागच्या वर्षी मित्राचं डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायानं दाबायचा डबा) नेलं. घरी माझ्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर (१० वॅट) इतकं गोड वाजलं की आई शेजारच्यांना बोलावून आणत होती. नाटकात मात्र माझी गिटार १५ मीटर केबलने थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये जाते. तिथं पेडल दाबलं तर आवाज फाटक्या कर्ण्यासारखा. पहिला अंक संपल्यावर दिग्दर्शक येऊन म्हणाले, "बाबू, ते मशीन आज बंदच ठेव." त्यांचं चुकलं नाही. मलाच ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या गावी त्याहून वाईट झालं. बॅटरी संपली म्हणून ऑर्गनवाल्याच्या जास्तीच्या की-बोर्डचा अडॅप्टर लावला. पिन बरोबर बसली, पण दोन सेकंदांत जळका वास आला आणि पेडल मेलं. मित्राला पैसे भरून दिले, पेडल माझ्याकडेच आहे.

गिटार स्ट्रॅट टाइप, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा सूर पकडणारे). धान विकून ४ हजार बाजूला ठेवले आहेत. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन यात नेमका फरक काय, आणि माझ्या कामाला कोणतं घ्यावं? पुढची मंडई अठरा दिवसांवर आहे.

बर्डीचा_ब्लूज (नागपूर)

भाऊ, डोळे झाकून ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल घे. आयबानेझचा टीएस९, सेकंड हँड शोध. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्ये. स्टीव्ही रे वॉन या अमेरिकन ब्लूज गिटारवाल्यानेही ट्यूब स्क्रीमर फेंडरच्या ॲम्पसमोर लावूनच तो आवाज काढला. डिस्टॉर्शन पेडल विसर, त्यात गिटारचा स्वभाव मरतो. मी दहा वर्षांपासून हेच सेटिंग वापरून राहिलो, कधी बदलावंसं वाटलं नाही.

रेडिओदुरुस्ती (पवनी)

बाबू, तुझा प्रश्न वाचला आणि दुकान बंद करून लिहायला बसलो. माझं पवनीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आता जास्त करून ॲम्प्लिफायर आणि इन्व्हर्टर येतात. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात मी वीस-बावीस वर्षं गिटार वाजवली. तू जे भोगून राहिला ते मी भोगलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

वरच्या भावांचं सेटिंग खोटं नाही, पण ते व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पसाठी आहे. ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण केली की पेडल पुढच्या व्हॉल्व्हला जोरात ढकलतं आणि फाटतो तो व्हॉल्व्ह. गोडवा तिथून येतो. तुझ्या पुढे मिक्सर आहे. मिक्सरला ढकललं तर लाल दिवा लागतो आणि साउंडवाला चिडतो, बाकी काही होत नाही. म्हणजे तुझ्या बाबतीत फाटण्याचं सगळं काम पेडललाच करावं लागेल.

आता ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनचा फरक. दोन्हींच्या पोटात एक वाढवणारा आयसी आणि दोन-तीन डायोड. ट्यूब स्क्रीमरमधला ४५५८ तर मी एको मिक्सरमध्ये आणि कॅसेट डेकमध्ये किती वेळा बदलला याची गणती नाही, अगदी साधा आयसी आहे तो. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टवर उघडतो. बांधीत (धानाच्या वाफ्यात) पाणी चढलं की पार (कडेचा बांध) जिथं खचलेली असते तिथून ते सांडायला लागतं, तसंच सिग्नलचं. वरचा भाग सांडून जातो आणि लाट माथ्यावर चपटी होते. त्यालाच आपण फाटणं म्हणतो.

फरक आहे तो डायोड कुठे बसवले यात. ट्यूब स्क्रीमरमध्ये आणि बॉसच्या एसडी-१ मध्ये ते आयसीच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेवर, आहेत. त्यामुळे सिग्नल चढत गेला तशी वाढच कमी होत जाते आणि मूळ सिग्नलही सोबत राहतो. माथा गोलसर होतो. हळू छेडलं तर साफ, जोरात छेडलं तर खरखर. बॉसच्या डीएस-१ सारख्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये डायोड वाढवून झाल्यावर, थेट ग्राउंडला लावलेले असतात. तिथं माथा कुऱ्हाडीनं छाटल्यासारखा सपाट. छाटलेल्या कडांमधून वरच्या पट्टीचे सूर फार निघतात. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या फाटक्या कर्ण्याचं मूळ इथंच आहे.

घरच्या ॲम्पवर ते गोड का वाजलं? गिटार ॲम्पचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. तो स्वतःच गाळणी आहे. नाटकात तुझा सिग्नल मिक्सरमधून मोठ्या टॉपमध्ये (मांडवातल्या स्पीकरच्या डब्यात) जातो. त्यात हॉर्न असतो, आणि हॉर्न १५ हजार हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीनं ऐकवतो. जी खरखर तुझ्या ॲम्पनं गाळून टाकली होती तीच तिथं हजार लोकांना ऐकू गेली. पेडल खराब नव्हतं, बाबू. गाळणी नव्हती. मिक्सरवरचा हायचा नॉब खाली करून हे साधत नाही. तो बहुतेक मिक्सरवर १० ते १२ हजारांच्या आसपास काम करतो, आणि टोचणारा भाग त्याच्या बराच खाली असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: तुझा १० वॅटचा ॲम्प नाटकाला घेऊन जा. त्याचा आवाज मोठा असायची गरज नाही. पेडल ॲम्पच्या साफ चॅनलमध्ये लाव, ॲम्पसमोर एक माइक ठेव आणि तो माइक मिक्सरला दे. गाण्याचा साधा डायनॅमिक माइक चालतो. जाळीपासून मूठभर अंतरावर, कोनच्या मधोमध नाही, जरा कडेला. मधोमध टोचतं, कडेला सरकवलं की आवाज गोल होतो. दोन बोटं सरकवून फरक ऐक, त्यानं जेवढं बदलतं तेवढं टोनच्या नॉबनं बदलत नाही. ॲम्प ढोलकीपासून लांब ठेव, नाहीतर माइकमध्ये अर्धी ढोलकीच येईल. ऑर्गनच्या टेबलाखाली, तोंड तुझ्याकडे.

आता पेडल. तुझ्या पैशांत मी एसडी-१ शोधेन. १९८१ पासून बनून राहिलं आहे, धातूचा डबा आहे, पाय देऊन देऊन तुटत नाही. त्यात एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन, म्हणून लाटेचे दोन माथे सारखे चपटे होत नाहीत. ट्यूब स्क्रीमरमध्ये दोन्ही बाजू सारख्या. कानाला एसडी-१ थोडा उघडा लागतो, ट्यूब स्क्रीमर थोडा गुळगुळीत. दोन्हीपैकी जे नीट हालतीत मिळेल ते घे, या फरकासाठी अडून बसू नको. अगदीच जुळलं नाही तर बेहरिंगरचा टीओ८०० किंवा जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह आहे. दोन्ही ट्यूब स्क्रीमरच्याच सर्किटवरची. बेहरिंगरचा डबा प्लास्टिकचा आहे. बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून सामान जाणार असेल तर विचार कर.

एक गोष्ट अशी की घरी एकट्यानं वाजवताना हे पेडल तुला आवडणार नाही. नाकातून बोलल्यासारखा आवाज येईल, खालची जाडी गेल्यासारखी वाटेल. ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. हिशेब केला तर ७२० हर्ट्झ येतं. त्याच्या खालचे सूर कमी कमी फाटतात. वरचा भाग पुढचा टोनचा फिल्टर कापतो. उरतो मधला पट्टा. ढोलकीचा घुमारा खाली आहे, ऑर्गनच्या डाव्या हाताचे सूर खाली आहेत, झांजा वर आहेत. मधे तुला जागा मिळते. मी माझं पहिलं ओव्हरड्राइव्ह आठ दिवस घरी वाजवून परत करायला निघालो होतो. बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात एकदा लावून पाहू म्हटलं, आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेला माझा भाऊ घरी येऊन म्हणाला की आज पहिल्यांदा तुझी गिटार ऐकू आली. त्या रात्री मला झोप आली नाही इतका आनंद झाला होता.

पण त्याच पट्ट्यात गाणाऱ्याचा गळाही असतो. गाणं सुरू झालं की गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आण. अशा पेडलमध्ये व्हॉल्यूम कमी केला की खरखरही कमी होते, पाय लावायची गरज नाही. खलनायक आला की परत १०. सुरुवातीला ड्राइव्ह घड्याळातल्या दहावर ठेव, टोन अकरावर. लेव्हल इतकीच की पेडल लावल्यावर आवाज साफ आवाजापेक्षा थोडा वर जाईल. ड्राइव्हला घाबरू नको, पण हेही माहीत असू दे की ट्यूब स्क्रीमरमध्ये तो नॉब पूर्ण बंद असला तरी सर्किट सिग्नल सुमारे १२ पट वाढवतं आणि पूर्ण उघडला की ११८ पट. तितकाच तुझ्या सिंगल कॉइलचा गुंईं आवाजही वाढतो.

ॲम्प नेणं एखाद्या दिवशी जमलंच नाही तर? तेव्हा पेडलनंतर स्पीकरची नक्कल करणारं एखादं पेडल लागतं. जोयोचं अमेरिकन साउंड त्यातलं स्वस्त, त्यात ती गाळणी आहे. पैसे आले की पुढच्या सीझनला बघ. थेट मिक्सरला जाताना एसडी-१ चा आणखी एक फायदा आहे. ते बंद असतानाही त्याचं बफर (नाजूक सिग्नल दबू न देता पुढे ढकलणारं सर्किट) चालू असतं. गिटारचा पिकअप नाजूक असतो, त्याला समोर १ मेगाओहमच्या आसपास इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचं. तुझी साफ गिटार आजवर त्यात दबूनच वाजली असणार, शिवाय १५ मीटर केबल वरचे सूर खाते. लोक ट्रू बायपास, ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटमधून न जाता सरळ जाणारं पेडल) करतात, पण तुझ्या कामाला बफरवालंच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी हात जोडून सांगतो. मांडवातल्या बोर्डात अर्थिंग आहे का ते पाहिल्याशिवाय ॲम्प लावू नको. जनरेटरवरून दोन वायरी ओढतात आणि तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसरी जागा रिकामी असते. अशा वेळी तार धरली की बोटांना झिणझिण्या येतात, आणि ओठ माइकला लागला तर झटका बसतो. एका कार्यक्रमात माझ्या शेजारी गाणारा पोरगा असाच मागे फेकला गेला. वाचला. त्यानंतर मी टेस्टर खिशात ठेवल्याशिवाय स्टेजवर चढलो नाही. तुझ्या ॲम्पचा बोर्ड मिक्सरच्याच लाइनवरून घे, म्हणजे दोघांची अर्थ एक राहील आणि गुणगुणही कमी येईल. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कापून टाकणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नको.

अडॅप्टरबद्दल: पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मधे निगेटिव्ह असतं. की-बोर्डचे पुष्कळ अडॅप्टर १२ व्होल्टचे आणि मधे पॉझिटिव्ह. पिन तीच, म्हणून बसते. बऱ्याच पेडलमध्ये जॅकजवळ एक डायोड असतो. करंट उलटा आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचं सर्किट वाचवतो. तुझा जळका वास त्याचाच असू शकतो. ते पेडल फेकू नको.

बर्डीचा_ब्लूज (नागपूर)

काका, बरोबर आहे तुमचं. मी कायम व्हॉल्व्हच्या ॲम्पवरच वाजवलं, मिक्सरचा विचारच केला नाही. भाऊ, माझ्या ओळखीत एकाकडे एसडी-१ आहे, साडेतीन हजार म्हणून राहिला. नॉब फिरवताना खर्र वाजतात, बाकी ठीक. नागपूरला येणार असशील तर बर्डीवर (सीताबर्डीला) भेट. माझी गिटार आणतो, वाजवून पाहूनच घे.

मंडप_साउंड (साकोली)

आम्ही नाटकाला साउंड देतो. ॲम्प आणणारा गिटारवाला आला की आम्हाला सोपं जातं, फक्त संध्याकाळी सहाच्या आत ये, म्हणजे चॅनल आणि माइक राखून ठेवता येतो. दहा वाजता येऊन "एक माइक द्या" म्हटलं तर माइक उरत नाही. दुसरं, एलईडी पार लाइटच्या वायरी आणि डिमरच्या बाजूला गिटारची केबल टाकू नका. सिंगल कॉइल त्यांचा सगळा किरकिराट उचलते. केबलला वायरी ओलांडायच्याच असतील तर आडव्या ओलांडा, सोबत सोबत नेऊ नका.

झाडीचा_गिटारवाला (सिंदेवाही)

काका, भाऊ, साउंडवाले दादा, तिघांचेही आभार. उशिरा लिहून राहिलो, धान चुरणं चालू होतं.

नागपूरला जाऊन एसडी-१ घेतलं. बर्डीच्या भावांनी दीड तास माझ्यासोबत बसून वाजवलं, नॉबमध्ये क्लीनर मारून खर्र घालवून दिली. परवा मंडई झाली. सहा वाजता पोहोचलो. बोर्ड तपासला तर खरंच अर्थ नव्हती. साउंडवाल्यांना सांगितलं, त्यांनी कुरकुर न करता सळई ठोकून मिक्सरच्या लाइनवरून वेगळा बोर्ड दिला. ॲम्प ऑर्गनच्या खाली, माइक कडेला.

खलनायकाच्या एंट्रीला दाबलं. काका, मी तुम्हाला काय सांगू जी. तो आवाज मांडवाच्या मागच्या बल्ल्यांपर्यंत गेलेला मला दिसला, लोकांनी माना वळवल्या. दिग्दर्शक विंगेत उभे होते, त्यांनी फक्त हात वर केला. तिसऱ्या अंकात हिरोइन गात असताना व्हॉल्यूम ६ वर आणायचं विसरलो, तर ऑर्गनवाल्या मामांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. आता ते लक्षात राहील.

दोन शंका राहिल्या. पहाटे तीनच्या सुमाराला जनरेटरचा आवाज बदलला तशी पेडलमधून बारीक शिट्टी यायला लागली. मी नवीन ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता, मधे निगेटिव्ह बघूनच. ॲम्पमधून साफ आवाजात शिट्टी नव्हती. आणि डान्सच्या गाण्यात सोलो येतो तेव्हा अजून थोडा वर जायला पाहिजे. त्यासाठी दुसरं पेडल लागेल का?

रेडिओदुरुस्ती (पवनी)

वाचून डोळे भरले, बाबू.

शिट्टी अडॅप्टरची आहे. आजकालचे हलके अडॅप्टर आतून फार वेगानं करंट चालू-बंद करतात. जनरेटर खालीवर झाला की त्यातला कचरा पेडलमध्ये येतो आणि पेडल तो शंभर पट वाढवून देतं. जनरेटरच्या रात्री बॅटरी वापर. असं पेडल जेमतेम ५ ते १० मिलिअँपिअर घेतं. चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास करंट असतो. म्हणजे ५० तास तरी धर, सात तासांची सात नाटकं. बाजारातल्या स्वस्त लाल बॅटरीवर हा हिशेब लावू नको, ती निम्म्यातच बसते. आणि अंक संपला की गिटारची केबल पेडलच्या इनपुटमधून काढून ठेव. केबल आत असली की बॅटरी चालूच राहते, मग दिवा बंद असो की चालू. कित्येकांच्या बॅटऱ्या अशाच घरी बॅगेत संपतात.

सोलोसाठी दुसरं पेडल आत्ता घेऊ नको. गाण्याला ६-७ सोडून बाकी नाटकभर गिटार ८ वर वाजव आणि पेडलची लेव्हल त्या हिशेबानं लाव. सोलोला १०. त्यात आवाज फार चढणार नाही पण सूर जाड होईल आणि पुढे येईल. साउंडवाल्याला ते गाणं आधी सांगून ठेव, तो फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) बोटभर वर करेल.

ते जळालेलं पेडल आणि की-बोर्डचा अडॅप्टर दोन्ही घेऊन पवनीला ये. १एन४००१ चा डायोड माझ्या डब्यात पडून आहे, तेवढंच गेलं असेल तर चहा होईपर्यंत तुझ्या मित्राचं पेडल चालू होईल. अडॅप्टरवर मी पांढऱ्या पट्टीनं व्होल्ट आणि मधली पिन लिहून देतो. ऑर्गनवाल्या मामांनाही आणता आलं तर आण, त्यांची गाठ घ्यायची आहे.